फवारणीचा अंश टिपणारे सोन्या-चांदीचे कण

कांद्याचे बी वाफ्यात टाकण्यापूर्वी त्याला थायरम चोळण्याची पद्धत वैजापूर परिसरातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. या बुरशीनाशकाच्या रेणूत गंधक असते आणि गंधकाची सोन्या-चांदीशी विशेष जवळीक आहे. चांदीचे पैंजण काळे पडतात ते याच जवळिकीमुळे. शेतमालावर उरलेला औषधाचा अंश जागच्या जागी ओळखण्याची एक पद्धत शास्त्रज्ञांनी विकसित केली आहे. तिच्या चाचण्यांत थायरमचा वारंवार उपयोग झाला, त्याचे कारणही हेच.

या पद्धतीचे मूळ भारतीय आहे. 28 फेब्रुवारी 1928 रोजी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात जाहीर केलेल्या शोधानुसार, पदार्थावर पडून विखुरलेल्या प्रकाशापैकी अत्यल्प भागाचा रंग किंचित बदलतो. हा बदल रेणूच्या कंपनांवर अवलंबून असल्याने प्रत्येक रेणूची बोटाच्या ठशासारखी ओळख त्यातून मिळते. अडचण एकच, ती म्हणजे सुमारे एक कोटी प्रकाशकणांमागे जेमतेम एखादाच असा बदलून येतो. 1960 मध्ये लेसर आल्यावर काम सुकर झाले, तरी अत्यल्प मात्रेतील रसायन पकडणे अवघडच राहिले.

मार्ग सापडला तो काहीसा योगायोगाने. 1974 मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन व सहकाऱ्यांना चांदीच्या खरबरीत पृष्ठावरील पिरिडिनचे संकेत अनपेक्षितरीत्या ठळक दिसले. (पुढे 1989 मध्ये ‘शीत संमीलना’च्या दाव्याने वादात सापडले ते हेच फ्लाइशमन.) खरबरीतपणामुळे पृष्ठभाग वाढला, एवढेच कारण त्यांना वाटले. मात्र अमेरिकेत रिचर्ड व्हॅन ड्यून व डेव्हिड जीनमेअर यांनी आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्या एका गटाने 1977 मध्ये दाखवून दिले की, ही वाढ लाखो पटींची असून केवळ पृष्ठभागाच्या हिशेबात ती बसत नाही.

कारण धातूच्या कणातच दडलेले आहे. काही दशनॅनोमीटर आकाराच्या सोन्याच्या वा चांदीच्या कणावर योग्य रंगाचा प्रकाश पडला की, त्यातील मुक्त इलेक्ट्रॉन एकसाथ हेलकावू लागतात आणि कणाभोवतीचे विद्युत्क्षेत्र तीव्र होते. क्षेत्र दहापट वाढले, तर रामन संकेत सुमारे दहा हजार पटींनी वाढतो. दोन कणांमधील एक-दोन नॅनोमीटरच्या फटीत ही वाढ सर्वाधिक असते. अशाच जागांच्या बळावर 1997 मध्ये एकट्या रेणूचा संकेतही नोंदविला गेला.

सोने म्हटले की खर्चाची धास्ती वाटते. येथे ती अनाठायी आहे. जॉन टर्केविच यांनी 1951 मध्ये रूढ केलेल्या कृतीत सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सोडियम सायट्रेट मिसळतात आणि द्रावण कुंकवाच्या पाण्यासारखे तांबडे होते. नेहमीच्या प्रमाणात एक ग्रॅम सोन्यापासून असे सुमारे वीस लिटर द्रावण तयार होते, आणि एका चाचणीला थेंबभर पुरतो. चांदीचे कण संकेत अधिक वाढवितात, पण ते लवकर खराब होतात, सोने टिकाऊ. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने तर 2004 मध्ये गवती चहाच्या अर्काने सोन्याचे चपटे त्रिकोणी कण घडविले. अशा टोकदार कोपऱ्यांवर विद्युत्क्षेत्र एकवटते, म्हणून या आकाराला महत्त्व.

शेतमालासाठी याचा अर्थ काय, हे द्राक्षबागायतदारांना सांगायला नको. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली आणि वैजापूरच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यालाही त्याची झळ बसली. ज्या औषधाची स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्यासाठी युरोपीय संघ किलोमागे 0.01 मिलिग्रॅमपर्यंतच अंश चालवून घेतो. एवढी सूक्ष्म तपासणी आजही सुसज्ज प्रयोगशाळेतच होते, आणि अहवाल येईपर्यंत तोडलेला माल थांबत नाही. योगायोग असा की, त्याच 2010 मध्ये चीनमधील झियामेन विद्यापीठाच्या तिआन झोंगछुन यांच्या गटाने सिलिकाचे पातळ कवच असलेले सोन्याचे कण संत्र्याच्या सालीवर पसरून कीटकनाशकाचा अंश थेट सालीवरच ओळखून दाखविला. हाती धरता येण्याजोगी रामन यंत्रेही बाजारात आली आहेत.

मग ही तपासणी बाजार समितीच्या आवारात का पोहोचली नाही? संकेत वाढविणाऱ्या फटी सर्वत्र सारख्या नसतात. त्यामुळे एकाच नमुन्यावर दोन ठिकाणी घेतलेली मोजणी जुळेलच, असे नाही. शिवाय थायरमप्रमाणे सर्वच औषधे धातूला चिकटत नाहीत. जी चिकटत नाहीत ती निसटतात, आणि फळातील अन्य द्रव्ये त्यांची जागा अडवितात. साहजिकच ‘अंश आहे की नाही’ हे ही पद्धत मिनिटांत सुचवू शकते. ‘नेमका किती’ या निर्यातदाराच्या प्रश्नाचे उत्तर मात्र संशयित नमुना प्रयोगशाळेत पाठवूनच मिळते.