तुटलेल्या परंपरेचे वाद्य : ग्रिफन आणि प्रबोधनकालीन संगीत

युरोपीय प्रबोधन म्हटले की आपल्याकडील साहित्याच्या विद्यार्थ्याला लिओनार्दो आठवतो, इरॅस्मस आठवतो, छापखाना आठवतो, आणि अर्थातच शेक्सपिअर. त्या काळाचे विचार आणि चित्रे आपल्या परिचयाची आहेत. त्या काळातील माणसे ज्या संगीतावर नाचली, ते मात्र बहुधा आपल्या कानांवरून गेलेले नसते. ‘प्रबोधन’ या मराठी शब्दातच बोधाचा, विचाराचा भार इतका आहे की त्यात नाचणाऱ्या पावलांना जागा उरत नाही. खुद्द इंग्लंडातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्वसामान्य श्रोत्याची स्थिती फारशी निराळी नव्हती. हे संगीत विसाव्या शतकात पुन्हा उभे राहिले आणि १९७० च्या दशकात ‘ग्रिफन’ नावाच्या एका इंग्रज वाद्यवृंदाने ते थेट रॉक संगीताच्या रंगमंचावर नेले. या वाद्यवृंदाच्या निमित्ताने आम्हांला एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : मध्ये खंड पडलेल्या परंपरेशी नाते कसे जोडावे?

प्रथम हा खंड कसा पडला ते पाहू. सोळाव्या शतकात नृत्यसंगीताचे संग्रह छापले जाऊ लागले. पॅरिसमध्ये पिएर आतेन्यां, अँटवर्पमध्ये १५५१ साली तिलमन सुसाटो, आणि पुढे १६१२ साली जर्मनीत मिखाएल प्रेटोरियस यांनी असे संग्रह प्रसिद्ध केले. त्यामुळे स्वरलेखन टिकले; वाद्ये मात्र टिकली नाहीत. क्रमहॉर्न या वाद्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. टोकाला आकड्यासारखे वळलेले हे लाकडी सुषिर वाद्य. त्याला सनईप्रमाणे दुहेरी पत्ती असते. पण सनईवादक ती पत्ती ओठांत धरतो, तर क्रमहॉर्नची पत्ती लाकडी टोपणाच्या आत बंद असते. वादकाच्या ओठांचा तिला स्पर्शच होत नाही. परिणामी स्वर लहानमोठा करण्याची सोय जवळजवळ नाही, आणि स्वरांचा पल्लाही सप्तकाहून किंचितच अधिक. सतराव्या शतकात संगीताची अभिरुची भावनेच्या चढउतारांकडे वळली, व्हायोलिनच्या कुळातील वाद्ये पुढे आली आणि क्रमहॉर्न मागे पडले. पुढची सुमारे तीनशे वर्षे ते प्रामुख्याने संग्रहालयांत राहिले. गुरूने शिष्याला शिकवावे अशी साखळी त्याच्याबाबतीत उरलीच नाही.

पुनरुज्जीवनाचे काम संशोधकांनी आणि कारागिरांनी केले. फ्रान्समध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडात स्थायिक झालेल्या आर्नल्ड डॉलमेच यांनी १९१९ साली रेकॉर्डर हे बासरीच्या जातीचे वाद्य नव्याने घडविले आणि १९२५ पासून हेझलमिअर येथे जुन्या संगीताचा महोत्सव भरविण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये ओटो स्टाइनकोप्फ यांनी क्रमहॉर्न पुन्हा बनविले. १९६७ साली डेव्हिड मन्रो यांनी लंडनमध्ये ‘अर्ली म्युझिक कन्सॉर्ट’ हा वृंद स्थापन केला. १९७० साली बीबीसीवर आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांविषयीची नाट्यमालिका झाली, तिचे संगीत मन्रो यांचे होते. त्यामुळे ही वाद्ये सामान्य घरांपर्यंत पोहोचली.

याच सुमारास लोकगीतांच्या क्षेत्रातही हालचाल सुरू होती. १९६९ साली ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ने ‘लीज अँड लीफ’ या ध्वनिमुद्रिकेत जुनी कथागीते विद्युत गिटारच्या साथीने गायिली. त्याच वर्षी शर्ली आणि डॉली कॉलिन्स या भगिनींच्या ‘अँथेम्स इन ईडन’मध्ये मन्रो यांच्या वृंदाने साथ केली. लोकगीत, रॉक आणि विद्वानांनी उकरून काढलेली दरबारी वाद्ये हे तीन प्रवाह असे एकमेकांच्या जवळ आले होते.

ग्रिफनचा जन्म या संगमावर झाला. रिचर्ड हार्वी आणि ब्रायन गलंड हे दोघे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकचे विद्यार्थी. हार्वी रेकॉर्डर आणि क्रमहॉर्न वाजवीत. गलंड यांचे वाद्य बसून, शिवाय क्रमहॉर्नही. ग्रेम टेलर यांची गिटार आणि डेव्हिड ओबर्ले यांची तालवाद्ये त्यांना येऊन मिळाली. १९७३ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्यातील रचनांची नुसती नावे पाहिली तरी साहित्याच्या अभ्यासकाचे कुतूहल जागे व्हावे. ‘केम्प्स जिग’ ही शेक्सपिअरच्या नाटकमंडळीतील विदूषक विल केम्प याच्या नावाची चाल. मंडळी सोडल्यानंतर १६०० साली हा केम्प लंडनपासून नॉर्विचपर्यंत नाचत गेला आणि त्या प्रवासाचे पुस्तकही त्याने छापले. चाल १६५१ सालच्या प्लेफर्डच्या नृत्यसंग्रहात आढळते. ‘पासटाइम विथ गुड कंपनी’ ही खुद्द आठव्या हेन्रीची मानली जाणारी रचना. ‘द अनक्वायट ग्रेव्ह’ हे फ्रान्सिस चाइल्ड यांच्या ३०५ कथागीतांच्या संग्रहातील गीत. राजा, विदूषक आणि अनाम लोककवी एकाच तबकडीवर एकत्र आले. दरबार आणि चव्हाटा यांच्यात आपण अभ्यासक जी भिंत घालतो, ती त्या काळात इतकी उंच नव्हती, हे येथे ऐकून कळते.

शुद्धतावाद्यांना हा प्रकार रुचणे कठीण होते. सोळाव्या शतकातील चालीला गिटार आणि ड्रमची संगत कशासाठी, हा त्यांचा आक्षेप अगदी निराधार नाही. परंतु मूळ साधनांकडे गेले तर उत्तर अनपेक्षित मिळते. सुसाटोसारख्या प्रकाशकांनी कोणती चाल कोणत्या वाद्यावर वाजवावी हे ठरवून दिलेले नाही. हाताशी असेल ते वाद्य घ्यावे अशीच ती रीत होती. त्वाँ आर्बो याने १५८९ साली नृत्यावर संवादरूप पुस्तक लिहिले, त्यात एका पवान नृत्याच्या चालीखाली ढोलाचा ठेकाही छापलेला आहे. म्हणजे स्वरांचा आराखडा छापील आणि बाकीचे वादकांच्या अकलेवर सोडलेले. ग्रिफनने घेतलेले स्वातंत्र्य त्या काळाच्या वागण्याशी बरेच जुळणारे होते.

१९७४ साली पीटर हॉल यांनी लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात नॅशनल थिएटरसाठी ‘द टेम्पेस्ट’ बसविले. प्रॉस्पेरोच्या भूमिकेत जॉन गिलगुड होते आणि संगीत ग्रिफनकडे सोपविले होते. हे बेट नादांनी भरलेले आहे. एरिअलचे अदृश्य संगीत माणसांना झोपविते, जागे करते, वाट दाखविते आणि चकवितेही. अशा ठिकाणी जुन्या चालींचा संग्रह वाजवून भागत नाही. हार्वी यांनी नवी रचना केली आणि तिच्यातून ‘मिडनाइट मशरम्प्स’ ही सुमारे एकोणीस मिनिटांची कृती तयार झाली. शीर्षकातील शब्द प्रॉस्पेरोच्या पाचव्या अंकातील भाषणातून घेतलेले आहेत. येथे क्रमहॉर्न ‘जुने’ वाटावे म्हणून येत नाही. त्याचा अरुंद, घोगरा, न वाढणारा न घटणारा स्वर हा रचनेचा एक रंग होतो. जे वाद्य हळू किंवा मोठे होऊ शकत नाही, त्याच्याकडून चढउतार मिळवायचा तर वाद्ये वाढवावी वा कमी करावी लागतात. ही वाद्याची मर्यादाच रचनेला आकार देते. आम्हांला वृत्तबद्ध कवितेची आठवण येथे होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस आलेली ‘रेड क्वीन टू ग्रिफन थ्री’ ही ध्वनिमुद्रिका केवळ वाद्यसंगीताची. चार दीर्घ रचना, आणि त्यांना बुद्धिबळाच्या डावाचे सूत्र. लुइस कॅरलच्या १८७१ सालच्या पुस्तकाची आठवण अपरिहार्य. याच सुमारास वृंदाने ‘येस’ या विख्यात रॉक मंडळीबरोबर अमेरिकेचा दौरा केला. पण मोठ्या रंगमंचाबरोबर जुनी वाद्ये मागे सरू लागली. १९७५ च्या ‘रेनडान्स’मध्ये हे जाणवते आणि १९७७ च्या ‘ट्रीझन’मध्ये स्पष्ट होते. ते पंक संगीताच्या उठावाचे वर्ष. अशा पांडित्यपूर्ण संगीताला तेव्हा वारा प्रतिकूल होता, आणि त्याच वर्षी वृंद विसर्जित झाला. तथापि काळाचा दोष निम्माच आहे, असे आमचे मत आहे. क्रमहॉर्न आणि विद्युत वाद्ये यांच्यातील ओढाताण हेच ग्रिफनचे बळ होते. ती सैल झाल्यावर उरले ते इतरांसारखेच एक कुशल रॉक संगीत. २००९ साली लंडनमध्ये हे वादक पुन्हा एकत्र आले आणि २०१८ साली ‘रीइन्व्हेन्शन’ ही नवी ध्वनिमुद्रिका निघाली.

१९९७ पासून ‘ब्लॅकमोर्स नाइट’ या वृंदानेही सुसाटो आणि आतेन्यां यांच्या चाली घेऊन लोकप्रिय गीते रचली. त्यांच्याकडे प्रबोधनकाल चांदण्यातल्या स्वप्नासारखा येतो. त्या स्वप्नाला श्रोते आहेत आणि त्यात गोडवाही आहे. पण स्वप्न आपल्याला उलट प्रश्न विचारीत नाही. दुसरे टोक अस्सलतेच्या आग्रहाचे. संगीतेतिहासकार रिचर्ड टॅरस्किन यांनी १९९५ सालच्या ‘टेक्स्ट अँड ॲक्ट’ या ग्रंथात दाखविले की ‘ऐतिहासिक’ म्हणून सादर होणाऱ्या वादनातही विसाव्या शतकाचीच अभिरुची बोलत असते. भूतकाळ जसाच्या तसा हाती आल्याचा दावा करणाराही आपलाच काळ ऐकवीत असतो, फक्त त्याला त्याची जाणीव नसते. ग्रिफनला ती जाणीव होती.

साहित्य शिकविणाऱ्यांना हा प्रश्न रोजचा आहे. जुनी संहिता वर्गात वाचताना आपण कधी तिला काचेच्या पेटीत ठेवतो, कधी आजचे कपडे चढवून मोकळे होतो. ‘द अनक्वायट ग्रेव्ह’मधील प्रेमिक वर्षाहून अधिक काळ कबरीशी शोक करीत बसतो, शेवटी मृत व्यक्तीच त्याला सांगते की तुझ्या शोकाने मला झोप लागत नाही. ग्रिफनच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत हे गीत असावे, हा योगायोग असेल. गेलेल्याला परत आणता येत नाही, हे मान्य करून त्यांनी त्याचे वाद्य शिकून घेतले, त्याच्या मर्यादा पाळल्या आणि त्यावर आपले संगीत वाजविले. जुन्या ग्रंथाची भाषा कष्टाने शिकावी आणि तिच्यातून आपला प्रश्न विचारावा, याहून वेगळे आपल्यालाही काही करता येईल असे आम्हांला वाटत नाही.