नागेश्वराची बुडालेली वाट

कोयनानगराहून नागेश्वराची दोन दिवसांची यात्रा आंखतांना आम्हांस प्रथम आपला समजच दुरुस्त करावा लागला. वासोट्यानजीक सह्याद्रीच्या धारेवरील हें शिवस्थान नैसर्गिक गुहेंत असून छतांतून झिरपणारें पाणी लिंगावर ठिबकतें. कोंकणांतून चोरवण्याची चढण आजहि चालू आहे. घाटावरची वाट मात्र पूर्वींची नव्हे. कोयनेवर धरण होऊन १९६० नंतरच्या दशकांत शिवसागर भरला, आणि खोऱ्यांतील गांवांबरोबर पायवाटाहि बुडाल्या. कैलासाची बंद पडलेली यात्रा १९८१ त पुन्हां खुली झाली. येथें तशी आशा नाहीं. आतां वनखात्याचा परवाना घेऊन बामणोलीहून लाँचनें मेट इंदवलीस उतरावें, व सायंकाळपूर्वीं परतावें.

सन १८१८ त इंग्रजांनीं वासोटा घेतला. त्या मोहिमेचीं अंतरें आजच्या कांठावरून मोजणें चुकीचें होय. मेट म्हणजे किल्ल्याखालील चौकी. नांवावरून इंदवलीचें मेट वासोट्याच्या पहाऱ्याचें असावें, असें आम्हांस वाटतें. तेथून नदीपर्यंतची वाट ज्यांनीं पायांखालीं घातली, असे वृद्ध खोऱ्याबाहेर वसविलेल्या गांवांत आहेत. त्यांच्या सांगण्याचीं टिपणें आधीं करावींत; डोंगर चढणें मागाहून.