अपस्मार व कंपवात : औषधे आणि शुश्रूषा (बार्शी परिसर)

मेंदूतील पेशींमध्ये अचानक विद्युत उद्रेक होऊन वारंवार झटके येणे म्हणजे अपस्मार. बार्शीकडे त्याला आकडी, फिट किंवा फेफरे म्हणतात. कंपवात (पार्किन्सन्स) आणि स्मृतिभ्रंश (अल्झायमर व तत्सम) हे मेंदूच्या पेशी हळूहळू झिजण्याचे विकार असून ते बहुधा साठीनंतर दिसू लागतात. अपस्मार मात्र कोणत्याही वयात, पुष्कळदा शाळकरी वयातच सुरू होतो. हे विकार एकमेकांपासून वेगळे असले तरी शुश्रूषेत एक बाब समान आहे. औषध वर्षानुवर्षे ठरलेल्या वेळी पोटात जावे लागते, आणि ते देणारा हात बहुतेक वेळा आई, बायको किंवा सुनेचा असतो. खेड्यातल्या रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञासाठी अनेकदा सुमारे ७० किलोमीटरवरचे सोलापूर किंवा थेट पुणे गाठावे लागते. सोलापुरात १९६३ साली स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय आहे. दोन भेटींमधले महिने घरातच काढायचे असतात, म्हणून घरच्यांना नीट समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

अपस्माराची कारणे अनेक आहेत: जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात, आनुवंशिकता. पुष्कळांत कारण सापडतच नाही. भारतात आणखी एक मोठे कारण म्हणजे मेंदूत शिरलेली फीतकृमीची अळी. हा रोग डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच होतो हा समज चुकीचा आहे. फीतकृमीची अंडी मानवी विष्ठेतून माती, पाणी आणि कच्च्या भाजीपाल्यावर येतात, त्यामुळे पूर्ण शाकाहारी घरातल्या मुलालाही तो होऊ शकतो. जंताची गोळी म्हणून अल्बेंडाझोल सर्वांना ठाऊक आहे, पण मेंदूतल्या अळीवर ते स्कॅन पाहून, सूज आवरणाऱ्या स्टेरॉइडसह आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. अळी मरताना सूज वाढते आणि झटके उसळू शकतात.

झटका आला की भोवती गर्दी होते. कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी हातात किल्ली किंवा विळा देतो. यांपैकी कशानेही झटका थांबत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप शमतात आणि श्रेय कांद्याला मिळते. दातांत चमचा घालणे तर घातकच, कारण दात तुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. करायचे ते थोडेच: आसपासच्या टणक वस्तू दूर सारणे, डोक्याखाली मऊ कापड ठेवणे, गळ्याजवळचे कपडे सैल करणे, झटके थांबू लागताच रुग्णाला कुशीवर वळवणे, घड्याळ पाहणे, आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी न पाजणे. झटका पाच मिनिटांहून लांबला किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. नाकात फवारायचे मिडाझोलाम डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर ते घरात सर्वांना सापडेल अशा जागी हवे. उघडी विहीर, शेततळे, चूल, कडबा कापायचे यंत्र आणि मोटारसायकल हे या भागातले नेहमीचे धोके आहेत. कामे पूर्ण बंद करू नयेत, पण विहिरीवर एकट्याने जाऊ नये आणि स्वयंपाक शक्यतो भिंतीकडच्या शेगडीवर, सोबत कोणी असताना करावा.

औषधांपैकी फिनोबार्बिटाल १९१२ पासून, तर फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. नंतर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार योग्य उपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांविना राहू शकतात, आणि जुनी औषधे स्वस्तही आहेत. फेनिटॉइनने हिरड्या फुगतात, मात्रा वाढली की चाल डगमगते. फिनोबार्बिटालने झोप येते, मुले चिडचिडी होतात. कार्बामाझेपिन वा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लेव्हेटिरासिटामने काहींचा स्वभाव तिखट होतो. घरच्यांना ते वागणे औषधाचे वाटत नाही, म्हणून परिचारिकेने आधीच सांगून ठेवलेले बरे. व्हॅल्प्रोएटने गर्भातल्या बाळात दोष येऊ शकतो. त्यामुळे मुलगी वयात येण्याच्या सुमारासच औषधाचा फेरविचार व्हावा, आणि गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड चालू असावे. फेनिटॉइन, फिनोबार्बिटाल आणि कार्बामाझेपिन यांमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. म्हणून उपकेंद्रात ‘माला-एन’ देताना झटक्याच्या औषधांबद्दल विचारायला हवे.

सर्वांत मोठा धोका दुष्परिणामांचा नाही, गोळी अचानक बंद करण्याचा आहे. बार्शीचे भगवंत मंदिर अंबरीष राजाच्या एकादशीव्रताच्या आणि द्वादशीच्या पारण्याच्या कथेशी जोडलेले आहे. पंढरपूरही दूर नाही. एकादशीला पाणीही न घेणारी माणसे इथे आहेत, आणि त्यांच्यासोबत त्यांची गोळीही उपाशी राहते. त्यात रात्रीचे जागरण आले, तर झटक्याला निमंत्रणच मिळते, कारण झोप मोडणे हे झटक्याचे ठळक निमित्त आहे. उपवास सोडा, असे सांगून कोणी ऐकत नाही आणि तसे सांगण्याची गरजही नाही. घोटभर पाण्यासोबत गोळी घ्या आणि झोप टाळू नका, एवढे गावातल्या आशा कार्यकर्तीने आदल्या दिवशी घरी जाऊन सांगितले तरी पुरेसे आहे. सलग दोन वर्षे झटका आला नाही तर औषध कमी करण्याचा विचार होऊ शकतो. तो निर्णय डॉक्टरांचा, आणि तेही औषध हळूहळू उतरवतात.

न थांबणारा झटका रुग्णालयात आला, तर परिचारिकेच्या हातचे काम मिनिटांत मोजले जाते: श्वासमार्ग मोकळा करणे, प्राणवायू, रक्तातली साखर तपासणे, शिरेतून लोराझेपाम. त्यानंतरचे फेनिटॉइन सलाइनमध्येच द्यायचे. ग्लुकोजच्या बाटलीत ते साकळते. वेग मिनिटाला ५० मिलीग्रॅमपेक्षा अधिक नसावा, आणि ते चालू असताना रक्तदाब व हृदयाची लय पाहत राहावी. सुई शिरेबाहेर गेली तर हात काळानिळा पडून सुजतो.

कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी घटतात. हात थरथरतो, अंग ताठरते, पाऊल उचलत नाही, अक्षर बारीक होते, चेहरा भावहीन वाटतो. लेव्होडोपा हे १९६० च्या दशकापासूनचे मुख्य औषध, आता ते कार्बिडोपासह देतात. आयुर्वेदातल्या खाजकुयलीच्या बियांत हाच पदार्थ नैसर्गिकरीत्या असतो. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये तो त्यांतून वेगळा केला, आणि मुंबईत डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी त्या बियांचे कंपवाताच्या रुग्णांवरील निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणूनच त्या बियांचे चूर्ण निरुपद्रवी समजून गोळीच्या जोडीला घेऊ नये. दोन्हीकडून एकच औषध पोटात जाते आणि मात्रेचा हिशेब हातात राहत नाही.

लेव्होडोपाच्या शुश्रूषेचे मर्म वेळेत आहे. आजार वाढतो तशी एका गोळीची मुदत आखडते. अर्धा तास उशीर झाला तरी माणूस जागच्या जागी थिजतो. प्रथिने आतड्यात तिची वाट अडवतात, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी द्यावी. पिठले, डाळ, दूध नंतर. ब्रिटनमध्ये आज पार्किन्सन्स यूके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने २००६ मध्ये वेळेवर गोळी मिळावी म्हणून खास मोहीम चालवली, कारण रुग्णालयात दाखल होताच स्वतःची वेळ पाळणारा रुग्ण वॉर्डच्या वेळापत्रकात अडकतो. आपल्या रुग्णालयांतही नातेवाइकांनी गोळ्यांच्या वेळांचा कागद सोबत आणावा आणि तो उशाशी लावू द्यावा. औषध एकदम बंद झाल्यास ताप, ताठरता आणि बेशुद्धी ओढवू शकते. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल दिले तर डोपामिन अडते आणि कंपवात उफाळतो. ही नावे वाचून थबकणारी परिचारिका रुग्णाचे मोठे नुकसान टाळते. ट्रायहेक्सिफेनिडिल थरथर कमी करते, पण म्हाताऱ्या माणसाची स्मृती गोंधळवते.

पुढच्या टप्प्यात गिळणे अवघड होते. तेव्हा पातळ चहा किंवा आमटीने ठसका लागतो आणि अन्न फुप्फुसात उतरते. कोरडी भाकरीही चालत नाही. मऊ खिमट, ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या, दाटसर आंबील, ताठ बसवून हनुवटी किंचित खाली, लहान घास आणि जेवणानंतर अर्धा तास बसणे, असे शिकवावे. बद्धकोष्ठ जवळपास नेहमीचे असते, ते लेव्होडोपाच्या शोषणातही अडथळा आणते. अंथरुणावरून उठताना आधी काठावर बसवावे, नाहीतर रक्तदाब उतरून माणूस पडतो. पाय थिजला तर ओढू नये. समोर जमिनीवर आडवी रेघ वा काठी ठेवून ती ओलांडायला सांगितले की पाऊल पुष्कळदा सुटते.

स्मृतिभ्रंशात डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे काही काळ लक्षणे आवरतात, रोग थांबवत नाहीत. डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, मळमळ होते. उरलेली शुश्रूषा म्हणजे ठरावीक दिनक्रम, रात्री मंद दिवा, खिशात पत्ता, अंथरुणाला खिळल्यास दर दोन तासांनी कूस बदलणे, आणि या साऱ्यात थकलेल्या सुनेला विश्रांती.

कायद्यात दोन बदल नोंदवण्याजोगे आहेत. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाला बाध आणणारा मुद्दा होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो वगळला. तरी मुलीचा आजार लग्नात लपवला जातो, आणि सासरी गोळी लपवताना ती सुटते. याची किंमत तिच्या झटक्यांनी चुकती होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवाताचा समावेश झाला, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

गावोगाव फिरून, लोकांशी बोलून आजार शोधण्याची रीत बार्शीला नवी नाही. १९८७ मध्ये इथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि तिने बार्शी, परांडा, भूम या भागांत ती पद्धत रुजवली. झटके येणाऱ्यांची यादीही त्याच चालीने, आशा व परिचारिकांच्या नियमित भेटींतून, उपकेंद्रनिहाय ठेवता येईल. प्रत्येकाच्या नावापुढे चालू औषध, शेवटच्या झटक्याची तारीख आणि गोळी संपण्याचा दिवस एवढे तीन रकाने पुरतील.