जुगार-व्यसन : इशारे व मदतवाहिन्या

जुगाराची सवय हाताबाहेर जाऊ शकते हे खेळणाऱ्याच्या नजरेस आणणारा मजकूर, आणि त्याला किंवा त्याच्या घरच्यांना सल्ला देणारी दूरध्वनिसेवा. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने जुगाराच्या अनावर ओढीला विकार म्हणून नोंदले. २०१३ पासून तो तिच्या वर्गीकरणात दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी आहे.

महाराष्ट्र : १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू. कॅसिनो नियंत्रण व कराचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण अमलात कधीच आला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवले. कॅसिनोच नसल्याने तेथे इशाऱ्याचा फलक लावण्याचा प्रश्न उद्‌भवला नाही.

गोवा : १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना, तर १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील कॅसिनोंना वाट मिळाली. पुढे मांडवीतली जहाजे हेच गोव्याच्या कॅसिनोंचे ओळखचित्र झाले. येथे भर इशाऱ्यापेक्षा मज्जावावर आहे : २१ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांनाही नाही. स्थानिकांना जपावे आणि महसूल पाहुण्यांकडून यावा, असा हा हिशेब. पुण्या-मुंबईहून जाणारा खेळाडू अर्थातच पाहुणा ठरतो.

जाहिरातींतील इशारा : पुणे जिल्ह्यातील खोडद, नारायणगाव, मंचर अशा कॅसिनोपासून शेकडो किलोमीटर दूरच्या गावांत इशारा पोचला तो रमीच्या आणि ‘टीम लावण्या’च्या (सामन्यासाठी ऑनलाइन काल्पनिक संघ निवडून पैसे लावण्याच्या) जाहिरातींतून. भारतीय जाहिरात मानक परिषदेची (स्थापना १९८५, मुंबई) यासंबंधीची नियमावली १५ डिसेंबर २०२० पासून लागू झाली. खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने व स्वतःच्या जोखमीवर खेळावे, असा मजकूर तिने सक्तीचा केला. छापील जाहिरातीत त्याला किमान २० टक्के जागा. दृकश्राव्य जाहिरातीत तो दिसलाही पाहिजे आणि नेहमीच्या बोलण्याच्या गतीने, जाहिरातीच्याच भाषेत ऐकूही आला पाहिजे. खेळ हा उत्पन्नाचा किंवा नोकरीचा पर्याय म्हणून दाखवण्यास मनाई. १८ वर्षांखालील खेळाडू दाखवण्यासही मनाई. क्रिकेट प्रक्षेपणात हा मजकूर ज्या वेगाने उरकला जाई तो मात्र कोणाच्याही बोलण्याचा नव्हता. मजकुरात मदतीचा क्रमांक देण्याची अट नव्हती, ही नियमावलीतील ठळक उणीव. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ व त्यांच्या जाहिराती या दोहोंवर बंदी आणली. जाहिरातीच्या पोटातच राहणारा इशाराही त्यामुळे संपला. बेकायदा संकेतस्थळे तो देण्यास बांधलेली नाहीत. कौशल्याचा खेळ कोणता व नशिबाचा कोणता, हा वाद येथे घेतलेला नाही.

मदतवाहिनी : केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा (क्रमांक १४४१६) १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत, चोवीस तास व मराठीतही उपलब्ध असली, तरी सर्वसाधारण मानसिक आरोग्यासाठी आहे. खास जुगारासाठी नाही.

परदेश : सिंगापूरमध्ये २०१० साली कॅसिनो सुरू झाले, तेव्हापासून नागरिकांना प्रवेशशुल्क आहे (आरंभी दिवसाला १००, २०१९ पासून १५० सिंगापुरी डॉलर). खेळाडूला स्वतःवर प्रवेशबंदी घालून घेता येते आणि कुटुंबीयांनाही त्याच्यासाठी ती मागता येते. कुटुंबाच्या अर्जाची ही तरतूद मराठी घरांना सर्वाधिक उपयोगाची ठरावी.

उपचार : समुपदेशन व वर्तनोपचार, जोडीला नैराश्य किंवा दारू असल्यास त्यांवरील उपचार.