बखरीतला परका आणि परक्याच्या कथेतले आपण

बखर हाती घेतली की आपण तीत प्रथम आपली माणसे शोधतो. कोणत्या मोहिमेत कोण होते, वतन कोणाला मिळाले, कोणाचा मूळपुरुष भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आला, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की बखर मिटली जाते. परंतु बखरीत दुसरीही माणसे असतात. ती परकी असतात. लिहिणाऱ्याने त्यांच्याकडे कसे पाहिले हे तपासले, तर परक्यांपेक्षा लिहिणाऱ्याचीच ओळख अधिक पटते.

आपल्या बखरींशेजारी ठेवून पाहावे असे एक वाङ्मय उत्तर युरोपात आहे. आइसलँड या बेटावर नवव्या शतकाच्या अखेरीपासून प्रामुख्याने नॉर्वेहून आलेली कुटुंबे वसली. त्यांच्या भांडणांच्या, जमिनींच्या आणि सफरींच्या गद्य कथा मुख्यतः तेराव्या शतकात लिहिल्या गेल्या. त्यांना सागा म्हणतात. बालाघाटातील मराठी घराण्यांना हा विषय फार दूरचा वाटू नये. कारण सागा या मुळात परमुलखात येऊन स्थिरावलेल्या घराण्यांच्याच कथा आहेत.

सागांत परके अनेक तऱ्हेचे आहेत. इंग्लंडचा राजा ॲथलस्टन याच्या दरबारी कवी एगिल मानाने वावरतो, तेव्हा परकेपणाचा मुद्दाच उरत नाही. राजा उदार की कृपण, एवढेच पाहिले जाते. उत्तरेकडील फिन, म्हणजे आजचे सामी लोक, मात्र जादूटोणा जाणणारे म्हणून येतात. आणि त्यांच्याकडूनच कातड्यांची खंडणी वसूल होत असते. लाक्सदेला सागेत होस्कुल्ड एक मुकी दासी विकत घेतो. पुढे एके दिवशी ती आपल्या लहान मुलाशी बोलताना त्याला आढळते आणि कळते की ती मुकी नव्हतीच. ती आयर्लंडच्या राजाची कन्या मेल्कोर्का होती. परक्या घरात तिने आपली भाषा वर्षानुवर्षे मनात राखली होती.

सर्वांत दूरचे परके म्हणजे विनलंडचे, अर्थात उत्तर अमेरिकेचे रहिवासी. त्यांना सागांनी 'स्क्रेलिंग' हे हेटाळणीचे नाव दिले. ग्रीनलंडकरांच्या सागेत पहिल्याच भेटीत कातडी होड्यांखाली आढळलेल्या नऊ जणांपैकी आठ जणांना नॉर्स लोक ठार मारतात. का मारले, याचे कारण सागाकार देत नाही आणि समर्थनही करीत नाही. न्यूफाउंडलंडमध्ये १९६० साली या लोकांच्या वस्तीचे अवशेष सापडले, आणि तेथील लाकडे १०२१ साली तोडलेली होती हे २०२१ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे सागांच्या सफरींना आधार मिळाला. पण स्क्रेलिंगांची बाजू मांडणारी कथा आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही.

आता आपल्याकडे वळू. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र ही बखर नव्हे, राजनीतीचा ग्रंथ आहे. पण परक्यांविषयीचे मराठी चिंतन त्यात सर्वांत स्वच्छ उमटले आहे. १७१५-१६ च्या सुमारास अमात्य बजावतात की, टोपीकर हे इतर सावकारांसारखे नुसते सावकार नव्हेत. त्यांच्या पाठीशी राजे आहेत आणि त्यांची नजर भूमीवर आहे, म्हणून त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये. त्यांच्या यादीत फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसिस यांच्याबरोबर डिंगमारही आहेत. डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक, आणि त्या काळी आइसलँड डेन्मार्कच्याच राजाच्या अमलाखाली होते. योन ओलाफसन नावाचा एक आइसलँडर १६२३ मध्ये डेन्मार्ककरांच्या चाकरीत तरंगंबाडीला आला होता आणि त्याने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. सागांच्या देशातला माणूस आपल्याकडे पाहून गेला होता.

पानिपताच्या बखरींत अब्दालीची फौज 'गिलचा' म्हणून येते आणि त्या शब्दात सारी भीती साठलेली असते. पण त्याच बखरी इब्राहिमखान गारद्याच्या इमानाचा गौरव करतात. बखरकाराची आपला-परका ही रेषा केवळ धर्मावरून जात नाही. खाल्ल्या मिठाला कोण जागला, यावरून ती पुष्कळदा ठरते. सागांतही तेच दिसते. परका मनुष्य कोणत्या जातीकुळीचा, यापेक्षा तो आपल्या कामाचा की भयाचा, हे आधी पाहिले जाते.

सागांहून आपले भाग्य एका बाबतीत वेगळे आहे. ज्यांच्यावर आपण चालून गेलो, त्यांची लेखी साक्ष उपलब्ध आहे. रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर गेले. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून दगा दिला. १७५१ च्या तहाने नागपूरकरांना सालिना बारा लाख रुपये चौथाई कबूल झाली. आपल्या इतिहासात ही पराक्रमाची आणि विश्वासघाताची हकीकत आहे. त्याच १७५१ सालची तारीख असलेले गंगाराम कवीचे 'महाराष्ट्र पुराण' हे बंगाली काव्य निराळे सांगते. त्यात पृथ्वीवर पाप वाढल्याने प्रत्यक्ष शिवाच्या इच्छेने मराठे येतात; पण ते ब्राह्मण, स्त्रिया आणि निरपराध रयत यांवर जुलूम करतात, तेव्हा देवीच कोपते आणि नवाबाची बाजू घेते. आपला 'बारगीर' तिकडे 'बर्गी' झाला आणि मुलांना निजवण्याच्या गाण्यात भीती म्हणून शिरला. हे वाचताना मन खट्टू होते. तथापि गंगाराम दूरचा शत्रू नव्हता. मराठ्यांना देवाने पाठवले असे मानून त्याने कथेला आरंभ केला होता, म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन आहे.

आता अधिक जवळचा प्रश्न. आइसलँड वसाहतीपूर्वी जवळजवळ निर्जन होते. बालाघाट निर्जन नव्हते. लांजीचा किल्ला गोंड अमलाची आठवण देतो. नागपूर शहर वसवणारा बख्तबुलंद हा देवगडचा गोंड राजा होता, आणि त्याच्या वंशातील बुऱ्हाणशहाला पहिल्या रघूजींनी नागपुरास नामधारी राजा म्हणून ठेवले. मराठी इतिहासलेखनात गोंड राजा असा अधूनमधून भेटतो. गोंड रयत क्वचितच भेटते. महसुलात नोकरी केलेल्या माणसाला यातले वर्म लगेच उमगते. दप्तरात 'पडीत' असा एक शब्द लिहिला की कागदावर जमीन रिकामी होते. प्रत्यक्षात तेथे राहणारा गोंड किंवा बैगा त्यामुळे नाहीसा होत नाही.

गोंडांनी बखरी लिहिल्या नाहीत. पण त्यांचा इतिहास मुका नाही. मंडला-दिंडोरीकडील परधान बाणा वाजवून गोंड राजांच्या कथा गात आले. शामराव हिवाळे या मराठी माणसाने त्यांच्यात राहून १९४६ मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. मेल्कोर्काचा आवाज होस्कुल्डच्या कानी अवचित पडला. हिवाळ्यांनी मुद्दाम कान दिला.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून येथील मराठी माणसाला स्वतःच्या गावी थोडेसे परके असणे म्हणजे काय, हे ठाऊक आहे. भरवेलीच्या मँगनीज खाणीने तर अनेक बोलींची माणसे एकत्र आणली. अशा ठिकाणी एकाच बाजूची बखर पुरेशी नाही. आपल्या पेट्यांतील मोडी कागद वाचणारे कमी होत चालले आहेत. शेजारच्या टोल्यावर जुन्या कथा सांगणारी माणसेही कमी होत आहेत. कागदांचे लिप्यंतर करवून घेणे हे घराण्याचे कर्तव्य आहेच. त्या कागदांत ज्या गावांची नावे आहेत, तेथील गोंड वृद्धांकडे जाऊन तीच हकीकत त्यांच्या तोंडून उतरवून घेणे, हेही आता आपल्याकडेच येते.