अडीचशे पौंडांची गाडी

आपण दहावीला बसलो त्याच १९९६ साली इंग्लंडमध्ये एक पुस्तक निघालं. नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचं तर ‘तुमची स्पोर्ट्‌स कार स्वतः बांधा, अगदी २५० पौंडांतसुद्धा’. लेखक रॉन चॅम्पियन. हे गृहस्थ नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या आउंडल नावाच्या शाळेत शिकवायचे, आणि पुस्तकातल्या गाडीच्या मुळाशी शाळेतल्या मुलांच्या वर्कशॉपमधला प्रकल्प होता. २५० पौंड म्हणजे तेव्हाच्या दराने तेरा-चौदा हजार रुपये. त्या वर्षी आपल्याकडे नवी मारुती ८०० दोन लाखांच्या आसपास होती.

संपादक मंडळाने मला बजावलं होतं, “काहीही लिही, पण कॉम्प्युटरवर नको.” म्हणून गेली काही वर्षं नोकरी सांभाळून ज्या छंदात माझे रविवार जातात त्याचा इतिहास लिहिते आहे. कमी पैशांत स्वतःच्या हातांनी स्पोर्ट्‌स कार बांधायची किंवा जुनी उभी करायची, हा तो छंद. त्याची गोष्ट १९९६ च्या बरीच आधी सुरू होते, आणि तिच्यात दोन शाळा आहेत. आपल्या सर-बाईंना तेवढा भाग तरी आवडेल असा माझा अंदाज आहे.

सुरुवात ऑस्टिन सेव्हन या गाडीपासून करावी लागते. हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९२२ साली ती बाजारात आणली. आराखड्यासाठी त्यांनी स्टॅन्ले एज या पोरसवदा ड्राफ्ट्समनला हाताशी धरलं होतं. इंजिन जेमतेम ७४७ सीसीचं. मोटारसायकलला साइडकार जोडून कुटुंब फिरवणाऱ्या माणसाला परवडावी, हा हेतू. १९३९ पर्यंत जवळपास २,९०,००० गाड्या निघाल्या. त्यामुळे महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंडभर घरांच्या मागच्या शेडमध्ये आणि भंगारवाल्यांकडे ऑस्टिन सेव्हन पडून होत्या. वरची बॉडी गंजलेली, पण सांगाडा आणि इंजिन कामाचं. हलकी, साधी आणि पान्यांच्या एका जुडीत खोलता येणारी गाडी. बॉडी काढून टाकायची, पत्र्याची किंवा प्लायवूडची नवी हलकी बॉडी बसवायची, की झाली ‘स्पेशल’. अशा गाडीला तिकडे हाच शब्द होता. १९३९ साली स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबने युद्धानंतर खास या गाड्यांसाठी शर्यती ठरवल्या. नियम मुद्दाम असे केले की पैसेवाल्याला फार फायदा मिळू नये.

नवी गाडी मिळणं तेव्हा दुरापास्त होतं. युद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झालेला, कारखान्यांना पोलाद मिळायचं ते निर्यात किती करता यावर, आणि देशातल्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला फक्त प्रतीक्षायादी. वर खरेदीकर. तो १९४० साली युद्धाच्या निमित्ताने आला आणि तसाच राहिला. मोटारींवर आधी एक तृतीयांश होता, १९५१ मध्ये तो दोन तृतीयांश झाला. म्हणजे कारखान्यातून निघताना ६०० ची असलेली गाडी हातात येईपर्यंत १००० ची. आपल्या पिढीने स्कूटरचं बुकिंग मोठ्या भावाच्या नावावरून धाकट्याच्या लग्नापर्यंत चालत आलेलं पाहिलं आहे, तेव्हा हे फार समजावून सांगायला नको.

या सगळ्यात कॉलिन चॅपमन येतो. जन्म १९२८ चा, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. शिकता शिकता जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. १९४७ च्या शरद ऋतूत सरकारने खासगी गाड्यांचा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद केला आणि जुन्या गाड्यांचा बाजार बसला. चॅपमनकडे एक ऑस्टिन सेव्हन न विकता उरली. ती त्याने हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये नेली आणि खोलली. बॉडी नव्याने केली. १९४८ मध्ये तिची नोंदणी झाली तेव्हा नाव दिलं लोटस. का, ते त्याने कधीच सांगितलं नाही. कमळ चिखलातून येतं हे त्याला कुणी सांगितलं असण्याची शक्यता कमी आहे, पण मला ते नाव चपखल वाटतं.

हेझलचा उल्लेख बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकतात: तिने २५ पौंड उसने दिले आणि १९५२ च्या १ जानेवारीला लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली. पण गॅरेज तिच्या घरचं, भांडवल तिचं, आणि पहिल्या गाडीला हातभारही तिचा. पुढे त्यांचं लग्न झालं. जगातल्या एका मोठ्या रेसिंग कंपनीची ही पहिली गुंतवणूकदार, एवढं तरी म्हणायला हरकत नसावी.

चॅपमनची हुशारी कशात होती हे कळायला त्याची तिसरी गाडी पाहावी. १९५१ साली ७५० क्लबच्या शर्यतीसाठी ती बांधली. ऑस्टिन सेव्हनच्या चार सिलिंडरच्या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घ्यायला दोनच वाटा होत्या. दोन-दोन सिलिंडर एका वाटेवर. एकाने ओढलं की शेजाऱ्याला कमी पडायचं. एका नळावर दोन बिऱ्हाडं असली की जे होतं तेच. चॅपमनने प्रत्येक वाटेच्या मधोमध पातळ पत्रा उभा करून ती विभागली आणि चारही सिलिंडरना स्वतंत्र रस्ता दिला. खर्च जवळपास शून्य. गाडी इतकी पळू लागली की क्लबला नियम बदलून ही युक्ती बंद करावी लागली. प्रोग्रॅमर म्हणून मला या गोष्टीचं जास्तच कौतुक आहे. नवीन यंत्र विकत न घेता, आहे त्यातली रांग कुठे अडते आहे ते शोधायचं.

१९५२ च्या मार्क सिक्सपासून चॅपमनने ऑस्टिनचा सांगाडा सोडला. बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून त्याने स्वतःचा सांगाडा केला. पुलाच्या कैचीचं जे गणित कॉलेजात शिकला तेच इथे. त्रिकोणातली नळी वाकत नाही, फक्त दाबली किंवा ताणली जाते, म्हणून ती बारीक चालते आणि वजन वाचतं. आणि ही गाडी तो संच म्हणून विकू लागला, कारण खरेदीकर पूर्ण गाडीवर होता, सुट्या भागांवर नव्हता. १९५७ साली लोटस सेव्हन आली ती याच वाटेने. तयार गाडी करासकट १००० पौंडांच्या वर जायची, तर संच जवळपास निम्म्या किमतीत पडायचा. वजन साधारण ५०० किलो. आपली पद्मिनी ९०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे अंदाज येईल.

एक किस्सा या लोकांत नेहमी सांगतात. संचाबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर ती ‘गाडी’ धरून कर लागणार, म्हणून लोटसने गाडी खोलायच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटापासून वाचल्या. यात मीठमसाला किती ते ठरवणं अवघड आहे. पण कायदा पाळून कर चुकवण्याची ही रीत आपल्याकडच्या कुठल्याही सी.ए.ला पटेल. १९७३ साली खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि संचाचा हा फायदा संपला. चॅपमनला तोवर सेव्हनमध्ये रस उरला नव्हता. त्याच वर्षी केटरहॅमच्या ग्रॅहम निअर्न यांनी तिचे हक्क घेतले. ती गाडी केटरहॅम सेव्हन म्हणून आजही बनते. फक्त आता ती गरिबाची राहिलेली नाही.

आता पहिली शाळा. केंटमधल्या सटन व्हॅलन्स शाळेत जॉन हेन्स नावाचा मुलगा होता. जन्म १९३८, सिलोनमध्ये. त्याला रग्बी अजिबात आवडत नसे. त्याने हाउसमास्तरांना गळ घातली की मला खेळाच्या तासाला सोडा, मी ऑस्टिन सेव्हनची स्पेशल बांधतो. आणि मास्तरांनी सोडलं! या मास्तरांच्या निर्णयाचं महत्त्व पुढच्या वाक्यात कळेल. मुलाने गाडी बांधली, लोक ती कशी बांधली ते विचारू लागले, म्हणून १९५६ मध्ये त्याने चित्रांसकट एक पुस्तिका काढली. २५० प्रती, दहा दिवसांत संपल्या. पुढे तो हवाई दलात गेला. एडनमध्ये नेमणुकीवर असताना सहकाऱ्याची मोडकी ऑस्टिन-हीली स्प्राइट उभी करायला मदत केली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कंपनीचं मॅन्युअल सामान्य माणसासाठी लिहिलेलंच नसतं. मग गाडी शेवटच्या नटापर्यंत खोलायची, प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा आणि परत जोडायची, या पद्धतीने १९६६ मध्ये पहिलं हेन्स मॅन्युअल निघालं. जगभरच्या गॅरेजांत काळ्या हातांचे ठसे उमटलेली ती पुस्तकं माहीत नसलेला मेकॅनिक विरळा. हेन्स २०१९ साली गेले.

दुसरी शाळा म्हणजे चॅम्पियन यांची आउंडल, आणि त्यांचं १९९६ चं पुस्तक कुणी छापलं असेल? हेन्सच्याच प्रकाशनाने.

चॅम्पियन यांनी केलं काय, तर लोटस सेव्हनचा आकार घेतला आणि चॅपमनचा प्रश्न पुन्हा सोडवला: आज भंगारात काय पडून आहे? १९९० च्या दशकात उत्तर होतं फोर्ड एस्कॉर्ट. इंजिन पुढे उभं, चालना मागच्या चाकांना, भाग मुबलक. एक मरणपंथाला लागलेली एस्कॉर्ट घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, स्टिअरिंग काढायचं, उरलेलं विकून थोडे पैसे वळते करायचे. सांगाडा एक इंची चौकोनी पोलादी नळीचा. लाकडी फळीवर खडूने रेघा मारायच्या, नळ्या कापून त्यावर ठेवायच्या आणि वेल्डिंगचे टाके मारायचे. महागडा साचा नको. या गाडीला ‘लोकॉस्ट’ म्हणू लागले: लो-कॉस्ट आणि लोटस, दोन्हींचा श्लेष.

२५० पौंडांत किती जणांचं भागलं? फार थोड्यांचं. बहुतेकांना त्याच्या कितीतरी पट खर्च आला, कारण ब्रेक, टायर, वायरिंग यात माणूस काटकसर करू धजत नाही, आणि करूही नये. पण पुस्तक खूप खपलं, आणि ७५० मोटर क्लबने, हो, त्याच क्लबने, लोकॉस्टची वेगळी शर्यत-मालिका सुरू केली. प्रोजेक्टसाठी मी तिकडे होते तेव्हा एक शर्यत पाहिली. पिट्समध्ये एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांची मुलगी कार्ब्युरेटर साफ करत बसले होते. प्रायोजक म्हणून दारावर एका बेकरीचं नाव.

पुढे एस्कॉर्टच दुर्मीळ आणि महाग झाली. मग २००७ मध्ये ख्रिस गिब्स यांचं नवं पुस्तक आलं, फोर्ड सिएरावर बेतलेलं. सिएरा संपत आल्या तसे लोक माझ्दा एमएक्स-५ कडे वळले. ब्रिटनने १९९८ पासून घरी बांधलेल्या एकेका गाडीसाठी तपासणी ठेवली: ब्रेक, धूर, दिवे, बाहेर आलेल्या धारदार कडा, सगळं पाहतात. उत्तीर्ण झालात तर नंबरप्लेट मिळते. परीक्षा कडक आहे, पण साध्या माणसाला बसता येते, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे ही परीक्षाच नाही, आणि मला खटकतं ते हेच. नव्या मॉडेलची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होते, ती कारखानदारासाठी. एकच गाडी बांधणाऱ्याला तो खर्च आणि ते सोपस्कार झेपणारे नाहीत. असलेल्या गाडीत मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. रस्त्यावरच्या ट्रकांकडे पाहिलं की हा नियम का हवा ते कळतं. पण त्यामुळे बांधण्याची हौस उरते ती शर्यतीच्या बंद ट्रॅकवर. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती गाड्या केल्या, आणि नारायण कार्तिकेयन सुरुवातीला त्यांवर धावला. आज पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं-पोरी फॉर्म्युला भारतसाठी अगदी तशाच नळ्या वेल्ड करतात. स्पर्धा संपली की ती गाडी कॉलेजच्या शेडमध्ये जाते. रस्त्यावर येत नाही.

जुनी गाडी उभी करणं मात्र आपल्याला मोकळं आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या फिएट ११०० आता त्यात बसू लागल्या आहेत, आणि त्यांचे भाग शोधायला त्याच कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर्सच्या गल्ल्यांत जावं लागतं. तिथे तराजू वापरतात. कार्ब्युरेटर नगावर, सस्पेन्शनचे हात किलोवर.

आपल्या वर्गात आठवीला मुलांना टेक्निकल मिळालं आणि आम्हा मुलींना शिवण. मुलं कानस घेऊन लोखंडाचा तुकडा काटकोनात आणायला तासन्‌तास घासत असायची, आम्ही काजं करायचो. कानस मी चाळिशीत धरली. काजं करण्याचा उपयोग मात्र झाला: फिएटच्या सीटची कव्हरं मी घरीच शिवली, आणि वायरिंगच्या जुड्या बांधताना टाका सरळ येतो.

लोटसच्या पहिल्या गाडीचं राहिलं. चॅपमनने ती १९५० मध्ये विकली, गाडी उत्तर इंग्लंडात गेली आणि तिचा माग सुटला. २०१८ मध्ये, सत्तर वर्षं झाली तेव्हा, कंपनीने लोकांना आवाहन केलं की आपापल्या शेड आणि कोठारं उघडून पाहा. नंबर ओएक्स ९२९२. तुमच्यापैकी जे तिकडे स्थायिक आहेत त्यांनी शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये एकदा डोकावायला हरकत नाही. आणि इथे असलेल्यांपैकी कुणाच्या वाड्यात फिएट ११०० डिलाइटची पुढची जाळी पडून असेल, तर स्नेहमेळाव्याच्या दिवशी मला गाठा.