काशीतला द्वैभाषिक पाठ

काशीच्या पक्क्या महालातील ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि दूधविनायक ही नावे उच्चारली की मराठी माणसाच्या काशीचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यापासून नागेशभट्टापर्यंत दाक्षिणात्य पंडितांची जी परंपरा या नगरीत नांदली, तिचेच वारस एकोणिसाव्या शतकात या गल्ल्यांतून वावरत होते. त्यांच्या घरात मराठी बोलली जाई, गल्लीत हिंदी चाले आणि पाठशाळेत संस्कृत. या तिहींच्या जोडीला इंग्रजी आली तेव्हा जो प्रश्न उभा राहिला तो केवळ एका नव्या भाषेचा नव्हता. जाणत्याने पुन्हा विद्यार्थी कसे व्हावे, हा तो प्रश्न होता.

काशीचे संस्कृत कॉलेज १७९१ मध्ये जोनाथन डंकनच्या पुढाकाराने स्थापन झाले. १८४६ मध्ये त्याची सूत्रे जेम्स रॉबर्ट बॅलंटाइन या स्कॉटिश पंडिताकडे आली. मराठी वाचकाला या माणसाविषयी थोडे अगत्य वाटावे असे एक कारण आहे. हिंदुस्थानात येण्यापूर्वी, एडिंबरोत पौर्वात्य भाषा शिकवीत असताना, १८३९ मध्ये त्याने मराठी भाषेचे एक व्याकरण प्रसिद्ध केले होते. परभाषा शिकवताना शिकणाऱ्याची अडचण कोठे असते, याचा विचार त्याने काशीत पाऊल ठेवण्याआधीच केलेला होता.

मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणानंतर इंग्रजी शिक्षणाचा जो रिवाज पडला, त्यात विद्यार्थी कोऱ्या पाटीसारखा मानला जाई. बॅलंटाइनची भूमिका याच्या उलट होती. न्यायशास्त्रात वर्षानुवर्षे मुरलेल्या तरुणाच्या हाती बाळबोध इंग्रजी वाचनपुस्तक दिले, तर त्याची बुद्धी अपमानित होईल आणि भाषाही येणार नाही, हे त्याने ओळखले. म्हणून जे विद्यार्थ्याला आधीच मुखोद्गत आहे तेच त्याच्यासमोर इंग्रजीत ठेवायचे, अशी रीत त्याने स्वीकारली. वरदराजाच्या 'लघुकौमुदी'ची इंग्रजी भाषांतरासहित आवृत्ती १८४९ पासून निघाली. सूत्र, त्याचे इंग्रजी रूप आणि विवरण अशी तिची मांडणी आहे. अशा पुस्तकातून इंग्रजी जाणणाऱ्याला संस्कृत शिकता येई आणि संस्कृत जाणणाऱ्याला इंग्रजी. एकच पान दोन दिशांनी वाचता यावे, ही कल्पना आजच्या द्वैभाषिक वर्गातही जुनी वाटत नाही.

याच धोरणातून दोन महत्त्वाचे ग्रंथ आकाराला आले. बेकनचा 'नोव्हम ऑर्गेनम' मुळातच लहान लहान वचनांत रचलेला आहे. त्यामुळे सूत्रपद्धतीत वाढलेल्या पंडितांना तो परका वाटण्याचे कारण नव्हते. त्याचे संस्कृत विवरण विठ्ठलशास्त्री यांनी केले आणि ते १८५२ मध्ये बॅलंटाइनच्या इंग्रजीसह प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास पाश्चात्त्य विज्ञानाचा सारांश न्यायदर्शनाच्या चौकटीत, संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत मांडण्यात आला. त्यासाठी नवे शब्द घडवावे लागले. ऑक्सिजनला 'प्राणप्रद', हायड्रोजनला 'जलकर' आणि नायट्रोजनला 'जीवान्तक' असे पर्याय योजले गेले. शब्द उच्चारताच पदार्थाचा गुण कळावा, हा त्यामागील शिक्षकी हेतू स्पष्ट आहे.

तथापि या रीतीचे मूळ केवळ काशीत शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. भोपाळ संस्थानातील सीहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन याने सिद्धान्तग्रंथांच्या आधारे अर्वाचीन खगोल शिकविण्याचा उपक्रम केला होता आणि १८३४ मध्ये त्यावर लेखही लिहिला होता. भास्कराचार्य पृथ्वी गोल मानतात, तेव्हा तेथून कोपर्निकसपर्यंतची वाट तुटक नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. सीहोरलाच नृसिंह ऊर्फ बापूदेव शास्त्री (१८२१-१८९०) हे तरुण चित्पावन विद्यार्थी तयार झाले आणि १८४२ मध्ये काशीच्या कॉलेजात अध्यापक म्हणून आले. त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले, संस्कृतात गणितावर रचना केली आणि 'सूर्यसिद्धान्ता'चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये कलकत्त्याच्या ग्रंथमालेत निघाले. बॅलंटाइनच्या वर्गाला ज्या दुहेरी विद्वत्तेची अपेक्षा होती ती बापूदेवांच्या ठायी त्याच्या आगमनापूर्वीच सिद्ध होत होती, हे विसरता येत नाही.

या प्रयोगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बॅलंटाइनच्या दृष्टीने न्यायशास्त्र ही पायरी होती आणि शिखर ख्रिस्ती धर्मविचाराचे होते. १८५९ च्या त्याच्या ग्रंथात ख्रिस्ती मत आणि हिंदू दर्शने यांची तुलना याच हेतूने आली आहे. काशीतील मराठी समाजाला ही शंका केवळ तर्काने आलेली नव्हती. नीलकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. ते मिशनऱ्यांशी वाद करता करता तिकडे वळले. घरातला विद्वान मुलगा अशा रीतीने दुरावू शकतो, हे ज्यांनी पाहिले, त्यांनी इंग्रजी वर्गाकडे सावधपणे पाहिले असल्यास त्याला केवळ सनातनी हट्ट म्हणणे अन्यायाचे ठरेल. परिचितापासून अपरिचिताकडे नेणारी पद्धती शिक्षकाच्या हाती सत्ताही देते. कारण वाट कोठे संपवायची ते तोच ठरवतो.

मात्र पंडितांनी साधन घेतले आणि मुक्काम आपला ठरवला. वेधाशी जुळणाऱ्या ग्रहगणिताचा आग्रह बापूदेवांनी धरला आणि नॉटिकल अल्मनॅकच्या आधारे पंचांग काढले. म्हणजे इंग्रजी विद्येचा उपयोग त्यांनी एकादशी आणि ग्रहण नेमके सांगण्यासाठी केला. १८६६ पासून कॉलेजातून 'काशीविद्यासुधानिधि' हे मासिक निघू लागले आणि त्यातून संस्कृत ग्रंथांचे संपादन व भाषांतर पुढे चालले.

या सगळ्यात एक भाषा मात्र वर्गाबाहेर राहिली. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढले तेव्हा इंग्रजी आणि मराठी हे दोन रकाने शेजारी शेजारी होते. पुण्यात १८२१ ची संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा १८५१ मध्ये एकत्र आल्या. तेथे शिकलेल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडितांचे इंग्रजी ज्ञान अखेर मराठी गद्याच्या पदरात पडले. काशीत तसे झाले नाही. दूधविनायकच्या घराघरांत जी भाषा चुलीपाशी बोलली जात होती तिला कॉलेजच्या दोन रकान्यांत जागा नव्हती. म्हणून पुण्याच्या प्रयोगातून मराठीला निबंध मिळाला, तर काशीच्या प्रयोगातून संस्कृतला परिभाषा आणि हिंदीला गणित.

ते कॉलेज १९५८ मध्ये विद्यापीठ झाले आणि १९७४ पासून संपूर्णानंदांच्या नावाने ओळखले जाते. द्वैभाषिक अध्यापनाची नवी साधने शोधणाऱ्या शिक्षकाने 'लघुकौमुदी'ची ती जुनी आवृत्ती एकदा उघडून पाहावी. रीत कोणती, हे तिच्यातून कळेल. तिसरी, घरातली भाषा कोठे बसवायची, याचे उत्तर मात्र त्याला स्वतःच्या वर्गातच शोधावे लागेल.